एक दिवसाचा खंड

एकोणतीस तारखेला मी नसते.
म्हणजे असते, दिघ्याच्या खोलीत,
पाचला पाणी भरते, मुलाची बाटली शोधते,
पण पालिकेच्या कागदात नसते.
अठ्ठावीसला करार संपतो, तीसला नवा सुरू,
फोटो तोच, सहा वर्षांपूर्वीचा, केस जास्त असलेला.
मधल्या दिवसाला ऑफिसात तांत्रिक खंड म्हणतात.
असे अकरा झाले.

मढवी सिस्टर कायम. चोवीस वर्षं.
घणसोली गावातली, सासर-माहेर दोन्ही तिथंच,
डब्यात जवळ्याची चटणी, माझा वाटा वेगळा बांधलेला.
तिचा बिल्ला पितळेचा,
माझा प्लास्टिकचा, कोपरा उडालेला.
पगाराचं आम्ही बोलत नाही.
एकदाच बोललो, रात्रपाळीत, आणि मग दोघी
सलाईनच्या थेंबांकडे बघत बसलो.
ती म्हणाली, तुझं बरं गं, वाटलं तर सोडून जाशील,
मला पेन्शन सोडत नाही.
मी म्हटलं, हो ना.
राग आला होता. अजून आहे थोडा.
गंमत अशी, की ती कायम म्हणून तिची बदली होते,
तुर्भे, नेरूळ, परत ऐरोली,
आणि मी कंत्राटी,
सहा वर्षं याच काचेच्या पेट्यांपाशी.

मागच्या महिन्यात कॉलेजची एक मुलगी आली फॉर्म घेऊन.
कामाचं समाधान, एक ते पाच, खूण करा.
मढवी सिस्टरनं सगळीकडे तीन केले,
चहा गार होत होता.
मी नोकरीच्या खात्रीला एक दिला,
रजेला एक, शून्य छापलंच नव्हतं,
आणि तुमचं काम तुम्हाला आवडतं का, तिथं पाच.
पेन कागदाच्या आरपार गेलं.
मुलगी म्हणाली, ताई, उत्तरांचा मेळ बसत नाहीये,
असे फॉर्म बाद होतात.
म्हटलं, होऊ देत.

तर या एकोणतीसला, मी डाळ निवडत होते, फोन आला.
नऊशे ग्रॅमचं आहे. तिघांचं टोचून झालं. शीर मिळत नाही.
पुढे ती काही बोलली नाही.
ये, असंसुद्धा नाही.

बेलापूर रस्त्यावर टँकर आडवा,
शेअर रिक्षातून उतरले, चालत सुटले,
नाकात कारखान्यांचा गोडसर वास.
गेटवर कैलास, तोही कंत्राटी, एजन्सी वेगळी.
ताई, आज यादीत नाव नाही, पास करावा लागेल.
कोणाला भेटायचं?
सरोज बिंदचं बाळ.
नातं?
मी थांबले.
त्यानंच लिहिलं: मावशी.

हात धुतले, कोपरापर्यंत, नेहमीसारखे.
मढवी सिस्टरनं मोबाईलचा उजेड धरला.
तिच्या बोटांना कंप आहे, दोन वर्षं झाली,
हे मी कुठल्याच फॉर्मात लिहिलेलं नाही,
आणि माझ्या या येण्याचं ती लिहिणार नव्हती.
उजेड हलत होता, मी तिच्या मनगटाला कोपराचा टेका दिला.
डावा घोटा, आतली बाजू,
केसाएवढी निळी रेघ, दिसते आणि बुडते.
श्वास धरला.
लागली.

रजिस्टरवर सही तिची.
जाताना तिनं पन्नासची नोट पुढे केली, रिक्षाला.
घेतली. का नाही घ्यायची?

तीसला, सकाळी साडेसातला, मी रुजू झाले.
नमुना तोच: नव्याने हजर, पूर्वीच्या सेवेवर हक्क सांगणार नाही.
सही केली आणि आत गेले.
पेटीत ते झोपलं होतं, मुठी आवळून.
पायावरची पट्टी जागची हलली नव्हती,
आणि पट्टीवर, आम्ही नेहमी घालतो तशी,
माझ्या अक्षरात तारीख.
एकोणतीस.